खाडा, हजेरी आणि शुक्रवार

आमच्या धंद्यात पगाराच्या सिस्टिमला कुणी फारसा भाव देत नाही. नव्या मुलांना सगळं काही भारी करायचं असतं, आणि पे-रोलच्या प्रोजेक्टवर नाव लागलं की चेहरे उतरतात. 'त्यात काय, दिवस गुणिले दर, वजा टॅक्स!' पण इतिहास बघितला तर दिसतं की हजेरी आणि पगार एका जागी आणायच्या खटाटोपात भल्याभल्यांचा घाम निघालाय. आणि खरा प्रश्न गणिताचा कधीच नव्हता. हजेरीची वही कुणाच्या हातात, हा होता.

सुरुवात घरापासून करू. मुंबईत पहिली कापड गिरणी काढायचा उद्योग कावसजी दावरांनी १८५४ मध्ये सुरू केला. पुढे गिरणगाव उभं राहिलं, पण गिरणी मोठी झाली म्हणून तिचं ऑफिस काही कामगारापर्यंत पोचलं नाही. मध्ये जॉबर होता. माणूस कामावर घ्यायचा जॉबरने, काढायचा जॉबरने. मस्टर लिहायला कारकून असायचा, पण त्यात नाव कुणाचं चढणार ते बहुतेक वेळा जॉबरच ठरवायचा. गावाहून आलेल्या माणसाला काम हवं तर दस्तुरी द्या. गावी जाऊन चार दिवस उशिरा परतलात तर जागा राहील का, हेही त्यालाच विचारा. गिरणीत गैरहजेरीला 'खाडा' म्हणायचे. खाडा पडला की पैसे गेले, एवढं साधं गणित. पण खाडा माफ करणारा माणूस नात्यातला, गावातला, कधी कधी उसने पैसे देणाराही तोच! म्हणजे जुलूमही ओळखीचा आणि आधारही ओळखीचा.

१८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र करून एक अर्ज केला. साधारण साडेपाच हजार कामगारांनी त्याला संमती दिली होती. रविवारची सुट्टी मागितली होती हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं (ती १८९० मध्ये मिळाली). पण त्याच अर्जातल्या आणखी एका मागणीकडे आपलं लक्ष जात नाही: महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. बघा, पगारवाढ नाही मागितली. तारीख मागितली! केलेल्या कामाचे पैसे कधी मिळणार हेच ठरलेलं नसेल, तर वाण्याची उधारी कशावर चालणार?

ही तारीख कायद्यात यायला १९३६ साल उजाडलं. त्या वर्षीच्या वेतन अदायगी कायद्याने हजारापेक्षा कमी कामगार असतील तर सातव्या दिवसाच्या आत आणि बाकीच्यांना दहाव्या दिवसाच्या आत पगार द्यायचं बंधन घातलं. त्याच्या एक वर्ष आधी, १९३५ मध्ये, मुंबईच्या गिरणी मालकांनी 'बदली कंट्रोल' योजना आणली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ठराविक बदली कामगारांना कार्डं द्यायची, आणि खाडे भरून काढायला आधी त्यांनाच घ्यायचं. थोडक्यात काय, तर जॉबरच्या डोक्यातली यादी ऑफिसच्या कपाटात आणायची. जॉबर लगेच संपला नाही, पण वही त्याच्या हातातून सुटायला लागली.

तिकडे अमेरिकेत हेच काम यंत्राकडे जात होतं. विलार्ड बंडी नावाच्या एका जवाहिऱ्याने १८८८ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यात एक घड्याळ तयार केलं. प्रत्येक कामगाराला स्वतःच्या नंबराची किल्ली; ती फिरवली की कागदाच्या पट्टीवर नंबर आणि वेळ उमटणार. पुढे हा धंदा मोठा झाला, १९११ मध्ये एका विलीनीकरणात गेला, आणि त्या कंपनीने १९२४ मध्ये नाव बदलून आयबीएम केलं. म्हणजे आपल्या सगळ्यांच्या आजोबा कंपनीच्या वंशावळीत हजेरीचं घड्याळ आहे. आता बोला!

पण घड्याळाने फक्त वेळ नोंदवली. हिशोब माणसंच करत होती. तो यंत्राकडे देण्यात ज्यांनी आघाडी घेतली, ती कुणी इंजिनियरिंग कंपनी नव्हती. जे. लायन्स अँड कंपनी म्हणजे लंडनमधले केक-पाव बनवणारे आणि चहाची दुकानं चालवणारे लोक! केंब्रिजच्या एडसॅक कॉम्प्युटरला त्यांनी तीन हजार पौंडांची मदत केली, आणि त्याच्या धर्तीवर स्वतःचा लिओ बनवला. नोव्हेंबर १९५१ मध्ये लिओ बेकरीच्या मालाचा हिशोब करू लागला. मग पगाराचं काम लगेच का नाही दिलं? ते प्रत्यक्ष सुरू व्हायला फेब्रुवारी १९५४ उजाडला.

गणित अवघड होतं हे खरं. बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड (आपल्या आणे-पैचे भाऊबंदच), आणि त्यात १९४४ पासून दर पगारातून कापायचा इन्कम टॅक्स, तोही वर्षभराच्या चालू बेरजेवर. अनुभवी कारकुनाला एका माणसाच्या पगाराला आठ मिनिटं लागायची, लिओला दीड सेकंद, असं सांगतात. पण वेळ लागला तो वेगासाठी नाही. बेकरीचा हिशोब एक दिवस उशिरा झाला तर साहेब चिडेल, बस. पगार हुकला तर शेकडो घरांतला आठवडा हुकतो. शुक्रवार पुढे ढकलता येत नाही! आणि लिओमध्ये हजारो व्हॉल्व्ह, त्यातला कुठला कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून डेव्हिड कॅमिनर आणि त्यांच्या लोकांनी कारकुनांचा पगार आणि यंत्राचा पगार बराच काळ शेजारी शेजारी चालवून पाहिला, बेरजा ताडून पाहिल्या, आणि भरवसा बसल्यावरच वही यंत्राच्या हाती दिली. आपण आज ज्याला पॅरलल रन म्हणतो आणि डेडलाइन जवळ आली की पहिल्यांदा ज्यावर काट मारतो, तेच हे.

आता एकदम २०२१ मध्ये येऊ. क्रोनॉस ही १९७७ मध्ये सुरू झालेली अमेरिकन कंपनी. मायक्रोप्रोसेसरवर चालणारं हजेरीचं घड्याळ तिने १९७९ मध्ये आणलं, म्हणजे बंडीच्या किल्लीचा थेट वारसा. पुढे हजारो मालकांची हजेरी तिच्याकडे आली, आणि त्यातल्या बऱ्याच जणांची तिच्या क्लाउडवर. ११ डिसेंबर २०२१ ला त्या क्लाउडवर रॅन्समवेअरचा हल्ला झाल्याचं लक्षात आलं. ऐन नाताळाच्या तोंडावर! पेप्सिकोसारख्या मोठ्या कारखानदारांपासून दवाखान्यांपर्यंत कितीतरी ठिकाणी हजेरी गायब झाली, आणि सेवा पूर्ववत व्हायला काही आठवडे लागले. सुपरवायझर पुन्हा कागदावर वेळा लिहायला बसले. अनेक कंपन्यांनी मागचाच पगार जसाच्या तसा पुन्हा दिला. ज्याने त्या आठवड्यात जास्त पाळ्या केल्या त्याचा ओव्हरटाइम बुडाला, आणि त्यावरून कामगार कोर्टात गेले.

यावरून 'जुनं तेच बरं होतं' असं म्हणणाऱ्यातला मी नाही. जॉबरची दस्तुरी कुणाला परत हवी आहे? वही एका जागी आली, नियम सगळ्यांना सारखे झाले, मर्जी संपली, हे फार मोठं काम झालं. पण जॉबर चुकला तर एका खात्यातली माणसं भोगायची, आणि कुणाच्या दारात उभं राहायचं ते तरी माहीत असायचं. मधली वही बंद पडली की लाखो माणसं एकदम भोगतात, आणि दार कुठलं तेच सापडत नाही. कामगार सुपरवायझरला विचारणार, तो एचआरकडे बोट दाखवणार, एचआर व्हेंडरकडे.

म्हणून असल्या प्रोजेक्टवर नाव लागलं तर चेहरा पाडू नका. डिझाइनच्या पहिल्या मीटिंगमध्ये दोनच प्रश्न विचारा. सिस्टिम पूर्ण बंद असेल त्या शुक्रवारी पगार कसा होणार? आणि एखाद्याचा खाडा चुकून लागला, तर तो कुणाला सांगायचा आणि किती दिवसांत निस्तरणार? उत्तरात माणसाचं पद आणि तारीख आली तर ठीक. नुसतं 'तिकीट रेज करा' असं आलं, तर लोखंड्यांच्या अर्जातली ती मागणी अजून पुरी व्हायचीच आहे असं समजा.