गे गेम्स: एका शब्दावरील वादातून उभा राहिलेला क्रीडामेळा

समलिंगी, उभयलिंगी व पारलिंगी समुदायाचा सर्वांत मोठा आंतरराष्ट्रीय क्रीडा आणि सांस्कृतिक मेळा म्हणून 'गे गेम्स' ओळखला जातो. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात १९८२ मध्ये त्याचा आरंभ झाला. साधारणतः दर चार वर्षांनी होणाऱ्या या मेळ्याने आजवर चार खंडांचा प्रवास केला आहे.

संकल्पनेचा जनक

या मेळ्याची कल्पना डॉ. टॉम वॅडेल यांची. व्यवसायाने वैद्यक असलेल्या वॅडेल यांनी १९६८ च्या मेक्सिको सिटी ऑलिंपिकमध्ये डेकॅथलॉन या दहा प्रकारांच्या कठीण स्पर्धेत सहावे स्थान मिळवले होते. समलिंगी व्यक्ती खेळात मागे असतात हा समज खोडून काढावा आणि खेळाच्या मैदानावर कोणालाही स्वतःची ओळख लपवावी लागू नये, हा त्यांचा हेतू होता. सहभागासाठी कोणतीही पात्रता फेरी त्यांनी ठेवली नाही. वय, लिंग, वंश, कौशल्य किंवा लैंगिक कल यांची अट नाही. भिन्नलिंगी व्यक्तींनाही प्रवेश खुला. खेळाडू राष्ट्राच्या नव्हे, तर आपापल्या शहराच्या नावाने उतरतील, असेही ठरले. सहभाग, समावेश आणि स्वतःची सर्वोत्तम कामगिरी ही या मेळ्याची तीन सूत्रे आजही कायम आहेत.

नावाचा न्यायालयीन लढा

आयोजकांनी ठरवलेले मूळ नाव 'गे ऑलिंपिक' असे होते. मात्र १९७८ च्या एका कायद्यानुसार अमेरिकेत 'ऑलिंपिक' या शब्दावर तेथील ऑलिंपिक समितीचा विशेष अधिकार होता. समितीने न्यायालयात धाव घेतली आणि उद्घाटनाला तीन आठवडेही उरले नसताना हा शब्द वापरण्यास मनाई झाली. छापील साहित्यावरून तो ऐनवेळी काढून टाकावा लागला. पोलिसांच्या, इतकेच काय कुत्र्यांच्या स्पर्धांनाही हे नाव चालते, मग आम्हालाच मज्जाव का, हा वॅडेल यांचा प्रश्न होता.

अशा स्थितीतही २८ ऑगस्ट १९८२ रोजी केझर स्टेडियमवर उद्घाटन झाले. गायिका टीना टर्नर यांनी त्या सोहळ्यात कला सादर केली. पहिल्या मेळ्यात सुमारे १,३५० खेळाडू सहभागी झाले.

खटला मात्र सुरूच राहिला. न्यायालयीन खर्चाच्या वसुलीसाठी ऑलिंपिक समितीने वॅडेल यांच्या घरावर बोजा चढवला. २५ जून १९८७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने समितीच्या बाजूने निकाल दिला. समिती ही सरकारी यंत्रणा नसल्याने भेदभावाचा घटनात्मक आक्षेप तिच्याविरुद्ध घेता येत नाही, असे मत न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा बहुमताने नोंदवले. त्यानंतर सोळा दिवसांनी, ११ जुलै रोजी, वॅडेल यांचे एड्सने निधन झाले. त्याआधीच्या वर्षी, १९८६ च्या दुसऱ्या मेळ्यात, याच आजाराशी झुंजत असताना त्यांनी भालाफेकीत सुवर्णपदक जिंकले होते.

एड्सच्या छायेतून विस्ताराकडे

दुसऱ्या मेळ्यातील सहभाग सुमारे ३,५०० वर गेला. १९८९ मध्ये 'फेडरेशन ऑफ गे गेम्स' ही संस्था स्थापन झाली आणि १९९० मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे हा मेळा प्रथमच अमेरिकेबाहेर भरला.

१९९४ चा न्यूयॉर्क मेळा स्टोनवॉल उठावाच्या २५ व्या वर्षी झाला. त्या काळी एचआयव्हीबाधित परदेशी नागरिकांना अमेरिकेत प्रवेशबंदी होती. मेळ्यासाठी येणाऱ्यांना अमेरिकी सरकारने त्यातून विशेष सूट दिली. ऑलिंपिकमध्ये सूर मारण्याच्या स्पर्धेत चार सुवर्णपदके जिंकणारे ग्रेग लुगानिस यांनी आपण समलिंगी असल्याचे याच मेळ्यात जाहीर केले. समारोप यांकी स्टेडियमवर झाला.

पुढे १९९८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या रूपाने युरोपला आणि २००२ मध्ये सिडनीच्या रूपाने दक्षिण गोलार्धाला प्रथमच यजमानपद मिळाले. खेळांबरोबर गायनवृंद, वाद्यवृंद व कलाप्रदर्शने हाही मेळ्याचा अविभाज्य भाग राहिला आहे.

मतभेद आणि फूट

विस्ताराबरोबर आर्थिक अडचणीही आल्या. सिडनीचे आयोजन तोट्यात गेले. २००६ साठी निवडलेल्या माँट्रियलशी मेळ्याचा आकार व आर्थिक नियंत्रण यांवरून फेडरेशनचे बिनसले आणि यजमानपद शिकागोकडे गेले. माँट्रियलने त्याच वर्षी 'वर्ल्ड आउटगेम्स' हा वेगळा मेळा भरवला. एकाच उन्हाळ्यात दोन मेळे झाल्याने खेळाडू विभागले गेले. आउटगेम्सची परंपरा मात्र फार टिकली नाही. २०१७ मध्ये मायामी येथील आयोजन पैशाअभावी उद्घाटनाच्याच दिवशी जवळजवळ पूर्णतः रद्द करावे लागले.

आशियातील पहिले पाऊल

कोलोन (२०१०), क्लीव्हलँड व ॲक्रन (२०१४) आणि पॅरिस (२०१८) यांच्यानंतर हाँगकाँगची निवड झाली. २०२२ चा हा मेळा कोविडमुळे वर्षभर लांबणीवर पडला. हाँगकाँगच्या काही लोकप्रतिनिधींनी त्याला जाहीर विरोध केला. सुरक्षेच्या चिंतेमुळे तैवानने संघ न पाठवण्याची भूमिका घेतली. अखेर नोव्हेंबर २०२३ मध्ये हाँगकाँग आणि मेक्सिकोतील ग्वादालाहारा या दोन शहरांत तो एकाच वेळी पार पडला. आशिया आणि लॅटिन अमेरिका या दोहोंसाठी हा पहिलाच मान होता. २०२६ च्या बाराव्या मेळ्यासाठी स्पेनमधील व्हॅलेन्सिया शहराची निवड करण्यात आली.

'ऑलिंपिक' हा शब्द वॅडेल यांना अखेरपर्यंत मिळाला नाही. त्यांनी घालून दिलेला सर्वांना प्रवेश देण्याचा नियम मात्र पहिल्या मेळ्यापासून आजतागायत बदललेला नाही.