बिरड्याचा सण

ज्यू पंचांगातल्या अव महिन्याच्या नवमीला दुपार कलली की आजी जमिनीवर बसून वाल सोलायला घ्यायची. मोड आलेले कडवे वाल, कोमट पाण्याची परात आणि तिची दोन बोटं. चिमटीत दाबलं की सालातून दाणा सुटून येई. दिवसभर तिच्या पोटात पाण्याचा थेंब नसे. आमच्या घरी उपास त्याच वालांच्या बिरड्यानं सुटायचा. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, या दिवसाला बिरड्याचा सण म्हणतो. म्हणायला सण, पण दिवस सुतकाचा.

इ.स.पू. 586च्या सुमारास बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्यानं यरुशलेम पाडलं आणि मंदिर जाळलं. पुढे इ.स. 70मध्ये रोमनांनी दुसरं मंदिर जाळलं. दोन्हींचं दुःख याच दिवशी पाळतात. सिनेगॉगमध्ये दिवे मंद करून, चामड्याच्या चपला काढून, खाली बसून पाच अध्यायांचं एक लहानसं पुस्तक वाचतात. मराठी बायबलात त्याचं नाव विलापगीत. हिब्रूत ‘एखा’, म्हणजे ‘कसं?’. मयताच्या घरात पाऊल टाकताना बायकांच्या तोंडून जे ‘कसं गं झालं’ निघतं, त्यातलंच हे ‘कसं’.

या पुस्तकाची बांधणी पाहून मी आजही थबकते. हिब्रू मुळाक्षरं 22. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या अध्यायात 22 कडवी, प्रत्येक कडवं पुढच्या अक्षरानं सुरू होणारं. तिसऱ्यात एकेक अक्षर तीनदा, म्हणून 66. इतक्या आकांतात अक्षरांचा क्रम कोण सांभाळत बसेल, असं मला पूर्वी वाटे. मग आजी गेली. त्या दिवशी मी मांडणीवरची भांडी पुन्हा पुन्हा मोजत होते. हाताला तेवढंच धरायला सापडलं होतं.

पाचव्या अध्यायात कडवी 22च आहेत, पण अक्षरांचा क्रम नाही. तो आधारही सुटलेला.

आणि कवी काही झाकत नाही. भुकेनं रस्त्यात कोसळणारी पोरं, आयांनी केलेलं अघोर, सगळं तो सांगतो. नगरीच्या पापांची कबुली देतो, आणि तरीही देवालाच शत्रू म्हणतो. आशेच्या ओळी आहेत, पण त्या पुस्तकाच्या मध्यावर, तिसऱ्या अध्यायात. प्रवचनांत बहुतेकदा तेवढ्याच ऐकू येतात. कवी मात्र तिथे थांबत नाही; त्या ओळींनंतर पुन्हा रडू आहे, आणि ते शेवटपर्यंत आहे.

आमचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला फुटक्या जहाजातून लागले आणि पोथ्या समुद्रात गेल्या, असं आमच्यात सांगतात. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले, शनिवारी बंद ठेवले म्हणून शनवार तेली झाले. यरुशलेमच्या सुतकाला त्यांनी नाव दिलं ते घरच्या वालाचं.

पुस्तकाचं शेवटचं कडवं फार कडू आहे: देवानं आम्हाला कायमचं टाकलं की काय, ही धास्ती. म्हणून वाचताना ते झाल्यावर त्याच्या आधीचं, परत फिरण्याच्या विनवणीचं कडवं पुन्हा म्हणायची रीत आहे. सिनेगॉगमध्ये मीही सगळ्यांबरोबर ते म्हणते. घरी एकटी वाचते तेव्हा म्हणत नाही. कवीनं जिथे सोडलं तिथेच पुस्तक मिटते आणि परात पुढ्यात ओढते.