एका पकडीची तीन नावं

WWEचा मल्ल ब्रॉक लेस्नर प्रतिस्पर्ध्याचा हात पिरगाळू लागला की समालोचक ओरडतो, "किमुरा लॉक!" 2012च्या समरस्लॅम या WWEच्या कार्यक्रमात मल्ल ट्रिपल एच याच पकडीत शरण गेला. लढतीचा निकाल आधीच ठरलेला होता, पण पकड खरी आहे आणि जुनीही.

प्रतिस्पर्ध्याचं मनगट एका हातानं धरायचं. दुसरा हात त्याच्या दंडावरून घालून खालून काढायचा आणि त्यानं आपलंच मनगट पकडायचं. त्याचं कोपर वाकलेल्या अवस्थेत अडकतं. मग पंजा पाठीकडे नेला की सगळा पीळ खांद्यावर येतो.

हे नाव जपानी ज्यूदोपटू मासाहिको किमुराचं. ऑक्टोबर 1951मध्ये रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये त्यानं ब्राझिलियन जिऊ-जित्सूचा मल्ल एलिओ ग्रेसीला या पकडीत घेतलं. हाड मोडल्याचा आवाज ऐकू आला, असं किमुरानं पुढे आत्मकथनात लिहिलं. एलिओ शरण गेला नाही. त्याच्या बाजूनं टॉवेल पडला आणि लढत संपली. ब्राझीलमध्ये ती पकडच किमुरा झाली. हरलेल्या गोटानं विजेत्याचं नाव आपल्या विद्येत जपावं, हा मल्लविद्येतला फार मोठा मान आहे.

पण नावावरून जन्म शोधायला गेलं तर फसगत होते. ज्यूदोत हीच पकड उदे-गारामी, म्हणजे हाताचा गुंता. आणि 1951च्या कितीतरी आधीच्या कॅच कुस्तीच्या, म्हणजे शरण आणणाऱ्या पकडींच्या पाश्चात्त्य कुस्तीच्या, सचित्र पुस्तकांत ती 'डबल रिस्टलॉक' म्हणून भेटते. मल्लाचे डाव नोंदवताना म्हणूनच समालोचकाची आरोळी, आयोजकांची जाहिरात आणि म्हातारपणीची आठवण यांना एकाच तराजूत तोलता येत नाही. त्या काळी छापलेलं पुस्तक, त्या आठवड्याचं वर्तमानपत्र, लढतीची फिल्म: वजन यांना द्यावं लागतं.

या कॅच कुस्तीचं एक घराणं स्पष्ट दिसतं. इंग्लंडमधल्या विगन या कोळसाखाणींच्या गावात बिली रायलीची तालीम होती. 1948च्या ऑलिंपिकमध्ये बेल्जियमकडून खेळलेला कार्ल गॉच तिथे शिकला, पुढे जपानला गेला आणि अँटोनियो इनोकीचा गुरू झाला.

हाच इनोकी डिसेंबर 1976मध्ये कराचीत अक्रम पहिलवानासमोर उभा राहिला. अक्रम म्हणजे थोर मल्ल गामाचा पुतण्या, गामाचा भाऊ इमामबख्श याचा मुलगा. इनोकीनं डबल रिस्टलॉक लावला, अक्रमचा हात गेला आणि गामाच्या घराण्याच्या चाहत्यांसमोर लढत थांबली.

1979मध्ये लाहोरला अक्रमचा तरुण पुतण्या झारा इनोकीशी भिडला. पाच फेऱ्या होऊनही निकाल लागला नाही. शेवटी इनोकीनंच झाराचा हात धरून वर उचलला.