ओआरएम की थेट एसक्यूएल? ऊसबिलावरून समजून घ्या

कराड तालुक्यातील रेठरे बुद्रुकच्या कृष्णा साखर कारखान्याचे सभासद सातारा आणि सांगली अशा दोन्ही जिल्ह्यांत आहेत. एवढ्या पसाऱ्यात काट्यावरच्या प्रत्येक खेपेचे वजन नोंदवायचे आणि त्यावरून बिल काढायचे असते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज. त्यामुळे असे सॉफ्टवेअर डेटाबेसशी कसे बोलते, हा प्रश्न शेतकऱ्याच्या खिशाशी जोडलेला आहे.

डेटाबेसची भाषा एसक्यूएल. आयबीएमच्या चेंबरलिन आणि बॉइस यांनी ती १९७४ मध्ये मांडली. प्रोग्राम मात्र जावा, पायथनमध्ये लिहिले जातात. मधला दुभाषी म्हणजे ओआरएम. जावासाठी हायबरनेट, पायथनसाठी जँगोचा ओआरएम किंवा एसक्यूएलअल्केमी. प्रोग्रामर ‘शेतकरी’, ‘खेप’ या शब्दांत विचार करतो, एसक्यूएल हे साधन तयार करते. सभासद नोंदवणे, बँक खाते बदलणे अशा रोजच्या कामांना ते उत्तम.

अडचण बिलाच्या दिवशी येते. १०,००० शेतकऱ्यांची यादी एका क्वेरीत मागवली आणि मग प्रत्येकाच्या खेपा वेगळ्या मागवल्या, की १०,००१ क्वेरी होतात. याला ‘एन प्लस वन’ म्हणतात. चाचणीत २० शेतकरी असतात, तेव्हा हे कुणाच्या लक्षातही येत नाही! खेपा एकदमच आणायला ओआरएमला सांगता येते. पण पंधरवड्याची बेरीज हे मुळात डेटाबेसचेच काम. ‘ग्रुप बाय’ची एकच क्वेरी पुरते. अहवाल गुंतागुंतीचे असतील तिथे थेट एसक्यूएलच बरे. फक्त शेतकरी कोड पॅरामीटर म्हणून द्यावा. क्वेरीच्या मजकुरात चिकटवला, तर एसक्यूएल इंजेक्शनला दार उघडते.

डॅपर, मायबॅटिस ही मधली साधने आहेत: एसक्यूएल आपण लिहायचे, उत्तर वस्तूंत भरून मिळते. शिवाय एकाच प्रकल्पात दोन्ही पद्धती चालतात, त्यामुळे ‘हे की ते’ हा वाद बराचसा फुकटचा.

साधन कोणतेही घ्या, बिल आणि सोसायटीच्या कर्जाची कपात एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये हवी. नाहीतर मध्येच वीज गेली की कपात झालेली, पण बिल नाही. आणि रकमेचा रकाना डेसिमल ठेवावा, फ्लोट नको. फ्लोटमध्ये ०.१ अधिक ०.२ म्हणजे ०.३०००००००००००००००४ होतात.