स्टिरिओटाइप : शिशाच्या पाटीचा शब्द

एखाद्या जातीविषयी, प्रांताविषयी किंवा व्यवसायाविषयी सरसकट धरून ठेवलेल्या ठोकळेबाज समजुतीला आज इंग्रजीत ‘स्टिरिओटाइप’ म्हणतात. मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये हा शब्द घडला, तेव्हा ते छापखान्यातील एका युक्तीचे नाव होते आणि त्यात निंदेचा लवलेशही नव्हता.

सुट्या खिळ्यांच्या छपाईत, म्हणजे एकेक अक्षराचा धातूचा ठसा जुळवून केलेल्या छपाईत, पान छापून झाले की खिळे सोडवून पुन्हा खणांत टाकावे लागत, कारण इतका माल अडकवून ठेवणे परवडत नसे. साहजिकच प्रत्येक नव्या आवृत्तीसाठी जुळणी नवी आणि तिच्याबरोबर चुकाही नव्या. एडिंबरोचा सोनार विल्यम गेड याने १७२५च्या सुमारास जुळवलेल्या पानाचा प्लास्टरचा साचा घेऊन त्यात वितळलेला धातू ओतण्याची आणि त्या अखंड पाटीवरून छापण्याची रीत काढली. खिळे जुळवणाऱ्या कारागिरांना त्यात आपल्या पोटावर पाय दिसला आणि त्यांनी पाट्या मुद्दाम बिघडवल्या, असे सांगितले जाते.

‘घन’ आणि ‘ठसा’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून फर्मँ दिदो या फ्रेंच मुद्रकाने या प्रकाराला नाव दिले. त्याने १७९५मध्ये कॅले यांची लॉगॅरिथमची कोष्टके छापताना खिळे तळाशी डाख देऊन एकसंध केले, ते आकड्यांच्या भीतीने: सापडलेली चूक एकदा दुरुस्त केली की ती पुन्हा उद्भवू नये. न बदलणे हाच येथे गुण होता. (पाटी चुकीलाही तितक्याच निष्ठेने जपते, हे उघडच आहे.)

एकोणिसाव्या शतकात कागदी लगद्याचे साचे आले, त्यांतून वक्र पाट्या ओतता येऊ लागल्या आणि फिरत्या यंत्रांवर दैनिके छापली जाऊ लागली. याच शतकात इंग्रजीत हा शब्द ठरीव, गुळगुळीत बोलण्यालाही लागू लागला. ‘क्लिशे’ हा फ्रेंच शब्दही मुळात त्याच पाटीचा. समूहांविषयीच्या समजुतींचा अर्थ मात्र वॉल्टर लिपमन या अमेरिकी पत्रकाराच्या १९२२च्या ‘पब्लिक ओपिनियन’ या ग्रंथाने रुजवला, आणि तोही अशा काळात, जेव्हा मोठी वृत्तपत्रे रोज रात्री खऱ्याखुऱ्या स्टिरिओटाइपांवरूनच छापली जात होती. पुढे ऑफसेट छपाई आली, शिशाच्या पाट्या भट्टीत गेल्या आणि शब्दाकडे केवळ लाक्षणिक अर्थ उरला.