घाटी फुटण्याच्या वयातले समूहगान

मराठी संगीत रंगभूमीवर मुलाची घाटी फुटणे ही केवळ शरीराची घटना नव्हती. स्त्रीभूमिका करणाऱ्या पोराच्या अन्नावरच ती गदा होती. स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांब व जाड होतात, आवाज सुमारे सप्तकभर खाली उतरतो आणि उतरून स्थिरावेपर्यंत तो कोणत्याच सुराशी प्रामाणिक राहत नाही. केशवराव भोसले (१८९०–१९२१) यांनी बालवयात देवलांची शारदा गाजवली. ८ जुलै १९२१ च्या संयुक्त 'मानापमाना'त ते बालगंधर्वांच्या भामिनीसमोर धैर्यधर म्हणून उभे राहिले. मधल्या संक्रमणाविषयी आपले नाट्येतिहास फारसे बोलत नाहीत. बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत आले ते १९०५ साली, सतराव्या वर्षी, म्हणजे बहुधा हा घाट ओलांडूनच.

नाटकवाल्यांना एक गोष्ट मात्र पक्की ठाऊक होती. पट्टी गायकाची असते, पेटीची नव्हे.

शाळेने नेमके हेच विसरावे, याचे आम्हांस नवल वाटते. वाशीम जिल्ह्यातील (तो १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला) सहावी ते आठवीच्या वर्गांचा परिपाठ घ्या. राष्ट्रगीत मंद्र निषादापासून तार षड्जापर्यंत जाते आणि तो तार षड्ज नेमका अखेरच्या जयघोषात येतो. फुटत्या आवाजाची मुले तिथेच गळतात. प्रार्थना बहुधा चित्रपटातली. 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) व 'गुड्डी' (१९७१) यांतील दोन्ही प्रार्थना वसंत देसाईंच्या, गायिल्या लता मंगेशकर व वाणी जयराम यांनी. ज्या देसाईंनी शाळकरी मुलांच्या समूहगानासाठी आयुष्य वेचले, त्यांच्याच चाली ध्वनिमुद्रणाबरहुकूम स्त्रियांच्या पट्टीत वाजवल्या की आठवीतला मुलगा कोंडीत सापडतो. स्त्रियांची पट्टी साधारण काळी चार-पाच, पुरुषांची काळी एक-दोन. त्याला वरचे सप्तक गाठत नाही, खालचे अजून मिळालेले नाही. मग 'तू नुसते ओठ हलव' असे सांगितले जाते. पुष्कळांचे गाणे तिथे जे थांबते, ते पुन्हा सुरू होत नाही.

पश्चिमेतही या प्रश्नावर एकमत नव्हते. एकोणिसाव्या शतकात मान्वेल गार्सिया या काळात पूर्ण विश्रांती सांगत, मोरेल मॅकेन्झी बेताने गाण्यास हरकत घेत नसत. पुढे अमेरिकेत अर्विन कूपर यांनी अशा मुलांसाठी मोजक्या सुरांत फिरणारी स्वतंत्र ओळ लिहिण्याची पद्धत रुजवली. आपल्याकडे सुरांचे थर रचण्याची रीत नाही. म्हणून निवड चालीचीच करावी लागते. पाच-सहा स्वरांत फिरणारी, मोठ्या उड्या नसलेली चाल घ्यावी, आणि पेटी त्या दिवशी वर्गातल्या बहुसंख्य मुलांना जिथे सोसेल तिथे धरावी. महिन्या-दोन महिन्यांनी ती पुन्हा तपासावी.

वऱ्हाडात हे शहाणपण शाळेबाहेर आहेच. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (१९०९–१९६८) सामुदायिक प्रार्थनेत गावातली म्हातारी माणसे आणि पोरे एकाच ओळीत बसतात. खंजिरीच्या ठेक्यावर ज्याला जे सप्तक झेपेल ते तो घेतो. मानोरा तालुक्यातल्या तांड्यांवर होळीला लेंगी म्हणणारे पुरुष फेर धरतात, तेव्हा मिसरूड फुटलेल्या पोराला कोणी बाजूला काढत नाही. त्याचा घोगरा सूर डफाच्या आवाजात मिसळून जातो.