काळ्या-पिवळ्या मण्यांची माळ

७. ही माळ विक्का पंथातील प्रमुख पुजारिणी विधीच्या वेळी घालतात. निसर्गपूजा आणि जादूटोण्याचे विधी यांची सांगड घालणारा हा पंथ इंग्लंडमध्ये जेराल्ड गार्डनर (१८८४–१९६४) यांनी पुढे आणला. मलायातील जकात खात्यातून निवृत्त होऊन ते मायदेशी परतले होते. जुना चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये त्यांचे ‘विचक्राफ्ट टुडे’ निघाले. पिवळे मणी तृणमण्याचे, म्हणजे अश्मीभूत राळेचे, काळे जेटचे. जेट हा ज्युरासिक काळात गाडल्या गेलेल्या लाकडाचा, कोळशाच्या जातीचा पण आरशासारखी झिलई घेणारा पदार्थ. यॉर्कशायरमधील व्हिट्बीचा जेट विशेष नावाजलेला. दोन्ही रत्ने म्हणून विकली जातात, पण खनिज एकही नव्हे. लोकरीवर घासले की दोन्ही गवताची काडी ओढून घेतात. स्थिर विद्युत ठाऊक नसलेल्या काळात त्यांच्या अंगी दैवी शक्ती मानली गेली, यात नवल नाही. अनुयायी या जोडीत सूर्य-चंद्र किंवा देव-देवी पाहतात. ब्रिटनमधील कांस्ययुगीन थडग्यांत दोन्हींचे मणी सापडले आहेत. मात्र तेवढ्यावरून माळेची परंपरा अखंड ठरवणे धाडसाचे आहे, पंथ विसाव्या शतकातला आहे.